उंची कुणालाच ओळखत नाही, भिकन

भिकन,

काल तेराव्याला तुझी गंधमुक्ती झाली. आज सकाळी अंघोळ आटोपल्याबरोबर मी पहिलं काम कुठलं केलं असेल, तर नाक्यावरचा तुझा फलक उतरवायला लावला. तू असतास तर कपाळाला हात लावून म्हणाला असतास, "झालं का आक्का तुझं सुरू!" हो, झालं. अजून गळ्यात आवाज आहे माझ्या.

फलकावर तुझा फोटो होता, पुढाऱ्याचा त्याच्या दुप्पट होता, आणि खाली लिहिलं होतं, 'शत्रूशी झुंजताना वीरमरण'. मी त्या पुढाऱ्याच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "माझा भाऊ कुणाशी झुंजताना गेला नाही. बर्फात आजारी पडून गेला. लिहायचं तर खरं लिहा, नाहीतर फोटो परत द्या." तो म्हणाला, "बेन, लोकांना जरा बरं वाटतं." मी म्हटलं, "लोकांना बरं वाटावं म्हणून तो वर गेला नव्हता." दुपारपर्यंत बांबू उतरले. फोटो आता माझ्या कपाटावर आहे, भिंतीकडे तोंड करून. अजून तुझ्या तोंडाकडे बघवत नाही मला.

पण फलकाचा राग सोपा आहे रे. खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तेरा दिवस जो येतो तो एकच वाक्य बोलतो, "आक्काचं ऐकलं असतं तर आज साहेब असता." समोरच्या शांताकाकू तर पदराने डोळे पुसत मायला म्हणाल्या, "पोरगी सांगत होती, शीक, परीक्षा दे, अधिकारी हो. ऐकलं नाही पोरानं." सुरतेतली ही सगळी डिंडोली माझ्या बाजूची झाली आहे. नऊ वर्षं मी एकटी घसा कोरडा करत होते तेव्हा ह्यातलं कुणी बोलायला आलं नाही. उलट तू रजेवर आलास की हीच मंडळी गणवेशातला फोटो बघून म्हणायची, "शिकून काय दिवे लावायचे, पोरगा वाघ आहे!" आता वाघ गेला आणि शिक्षणाचं महत्त्व कळलं सगळ्यांना.

मी शांताकाकूंना म्हटलं, "काकू, अधिकारी काय स्वेटर घालून गॅलरीत उभे राहतात का? तेही त्याच बर्फात असतात. तुम्हाला काय माहीत आहे?" त्या उठून गेल्या. माय माझ्यावर चिडली. चिडू दे. तुझ्याशी भांडायचा हक्क फक्त माझा आहे. तो मी कुणाला वाटून देणार नाही, आणि वाद जिंकल्याचा हार कुणी माझ्या गळ्यात घालू नये. असली जीत मी चपलेखाली धरते.

आणि त्यांना तरी काय कळतंय, आपला वाद काय होता ते.

बारावी झाल्यावर मी तुझं नाव कॉलेजात घातलं. आर्ट्सचं पहिलं वर्ष. मी तेव्हा शिक्षकी पीटीसी करून नुकतीच महापालिकेच्या मराठी शाळेत लागले होते. पाचवी ते सातवीला भूगोल. आपल्या घरात पहिल्यांदा कुणीतरी मागाच्या साच्यांच्या खडखडाटाबाहेर पोट भरत होतं. नाना बमरोलीला तीस वर्षं माग चालवून बहिरे झाले होते, घरातही ओरडून बोलायचे. मला वाटे, माझ्यामागून तू. दोन महिने तू कॉलेजला गेलास. तिसऱ्या महिन्यात 'गावाला जाऊन येतो' म्हणालास, आणि गावच्या दाखल्यावर धुळ्याच्या भरतीत धावून परत आलास. छातीवर शाईने नंबर लिहिलेला. तो पुसलाही नव्हतास, दाखवायला ठेवला होतास.

मी रडले नाही, हे तुला आठवतं. मी विचारलं, "कॉलेजला काय झालं?"

"आक्का, तिथे सर फळ्याकडे तोंड करून वाचतात आणि आम्ही खिडकीकडे तोंड करून ऐकतो. मला काही होऊन दाखवायचंय."

"शिकून होता येत नाही?"

"होता येतं. पण आधी जाऊन बघावं, मग शिकावं. तू हिमालय शिकवतेस, तू पाहिलायस?"

नाना ऐकू येत नसूनही हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "सूर्यही शिकवते. त्याच्यावर जाऊन आले नाही अजून."

इथून सुरू झालं आपलं. आणि मग ती पत्रं. तुझं पहिलं पत्र आलं ट्रेनिंगमधून, चार पानं, सगळी फुशारकी. मला राहवलं नाही. शाळेच्या वह्या तपासता तपासता त्याच लाल पेनने मी तुझं पत्रही तपासलं. शुद्धलेखनाला हात लावला नाही, तो माझा प्रांत नव्हे. मी मुद्दे तपासले. 'कशावरून?' 'कारण द्या.' 'हे आधीच्या वाक्याशी जुळत नाही.' खाली दहापैकी एक गुण देऊन तेच पत्र तुला परत पाठवलं. मला वाटलं रागावशील. तर पुढच्या पत्रात तू लिहिलंस की अख्ख्या बराकीत ते पत्र फिरलं, आणि तीन जणांनी विचारलं की तुझी बहीण आमचीही पत्रं तपासून देईल का. असला निर्लज्ज.

तेव्हापासून नऊ वर्षं, जाणारं प्रत्येक पत्र परत यायचं, परत आलेलं पुन्हा जायचं. एकदा तू लिहिलंस, "आक्का, नवीन साहेब आलेत. कॉलेज केलेले, इंग्रजी फाडफाड. पण पहिल्यांदा नाला ओलांडायचा होता तेव्हा ते माझ्या पायांकडे बघत होते, मी कुठे पाय ठेवतो ते. आता सांग, मोठं कोण?" मी समासात लाल शाईने लिहिलं, "ते तुझ्या पायांकडे बघतात, मान्य. पण नाला ओलांडायचा की नाही हे कोण ठरवतं? ज्याला पाय ठेवता येतो त्यानेच ठरवायला शिकावं, एवढंच माझं म्हणणं." त्यावर तुझं उत्तर आलं नाही. म्हणजे उत्तर टाळलंस. मी तेही नोंदवलं आणि एक गुण कापला.

खरं सांगू? ते पत्र पाठवल्यावर दोन दिवस मी वर्गात सह्याद्री, सातपुडा बोलत होते आणि मनात तुझे पाय होते. बूट कसले असतात, ओले झाले की वाळवता कुठे, हे विचारायचं राहून गेलं. नऊ वर्षांत मी तुला बुटांबद्दल कधी विचारलं नाही. गुण देत राहिले.

प्लेगचे ते दिवस मला मुद्दाम आठवायचेत आज, कारण माझ्यापुढच्या ह्या कोऱ्या कागदाचं मूळ तिथे आहे. सगळी सुरत पळत होती. 'गाव गाठलं की वाचलो' ही आपल्या खानदेशी माणसाची जुनी समजूत. साथ असो, दंगल असो, मागाचं खातं बंद असो, गाठोडं बांधायचं आणि भुसावळची गाडी धरायची. नाना तोवर वारले होते. मी मायला घेऊन उधना स्टेशनवर उभी होते. मी! शिकलेली, सातवीच्या मुलांना साथीचे रोग शिकवणारी. हातात दोन पिशव्या, तोंडाला ओला रुमाल. भुसावळकडून आलेली गाडी जवळजवळ रिकामी लागली आणि तिच्यातून उतरलास तू, खांद्यावर ट्रंक घेऊन. रजेवर अभ्यासाला आला होतास. अधिकारी होण्याच्या परीक्षेला तुझ्या साहेबांनी तुझ्या नावाची शिफारस केली होती आणि ट्रंकेत पुस्तकं होती.

"कुठे निघाली वरात?"

"गावाला. तूही मागे फिर."

"आक्का, तुझ्यात किंवा मायमध्ये रोग शिरला असेल तर तो कुठे उतरेल? गावात. तिथे डॉक्टर आहे का?"

 काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत. सगळं वाचलेलं होतं मी, तरी पाय स्टेशनकडे वळले होते. घाबरलेल्या माणसाला कसं उभं करायचं हे पुस्तकात नसतं. तू ट्रंक खाली ठेवलीस आणि फलाटावरच आपल्या गल्लीच्या चार घरांना परत फिरवलंस. आवाज न चढवता. मी तुला आवाज न चढवता बोलताना तोवर ऐकलं नव्हतं.

पण हेही लिहिते, कारण तू हे सोयीस्कर विसरायचास. घरी आल्यावर गोळ्या कुणी किती घ्यायच्या, ताप आला तर काय करायचं, मेलेला उंदीर दिसला तर हात न लावता काय करायचं, हे तुला काही ठाऊक नव्हतं. दवाखान्याचं गुजराती पत्रक मी वाचलं, मी समजून घेतलं. मग तू बोललास आणि मी लिहिलं. माझं वाक्य लांबलं की तू म्हणायचास, "आक्का, एवढं ऐकेपर्यंत माणूस पळून जाईल. तोड." तुझं वाक्य उद्धट झालं की मी खोडायचे. 'पळू नका. पळालात तर रोग गावाला घेऊन जाल. ताप आला की लपवू नका, लगेच सांगा.' हातांनी वीस प्रती काढून आपण भिंतीभिंतीवर चिकटवल्या. गल्लीत एकही माणूस दगावला नाही. तुझ्या अभ्यासाची रजा त्यात संपली आणि ट्रंक तशीच बंद परत गेली.

जाताना तू म्हणालास, "बघ, अनुभव." मी म्हटलं, "बघ, वाचन." मायने दोघांनाही भाकरीचा डबा दिला आणि म्हणाली की दोघंही गप्प बसा.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी नाक्यावरच्या एसटीडी बूथवर तुझा फोन आला. बूथवाल्याने मला शाळेतून आल्या आल्या बोलावलं.

"आक्का, नाव मागे घेतलं."

"कुठलं नाव?"

"परीक्षेतलं. कंपनी वर चाललीय. परीक्षेला बसायचं तर मागे राहावं लागेल. माझ्या सेक्शनमध्ये दहा जण आहेत, त्यातल्या सहांनी बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलाय."

"आणि सत्तावीस पूर्ण झाल्यावर तुला कोण बसू देणार आहे परीक्षेला?"

"कुणी नाही."

"मग?"

"मग हवालदार राहीन. हवालदार काय माणूस नसतो?" आणि मग हसून, "आणि खरं सांग, लेफ्टनंट भिकन कसं वाटेल ऐकायला?"

मी फोन आपटला. बूथवाला दचकला. तुझ्या आधीची दोन भावंडं गेली म्हणून मायने देवाकडे भीक मागून तुला मिळवलं आणि नाव भिकन ठेवलं, त्या नावाला तू हसत होतास. आज सांगते, फार छान वाटलं असतं ऐकायला. लेफ्टनंट भिकन. मी वर्गात फळ्यावर लिहिलं असतं.

त्यावर तू पत्रात कारणं लिहून पाठवलीस आणि मी दहापैकी तीन गुण दिले. शेरा लिहिला, 'पहिला मुद्दा बरा. स्वतःच्या भविष्याबद्दलचा प्रश्न सोडून दिला आहे.' तू उत्तर दिलंस, "एकावरून तीनवर आलो. प्रगती आहे." पहिला मुद्दा बरा नव्हता रे, भिकन. पहिला मुद्दा उत्तम होता. नवख्या पोरांना सोडून परीक्षेला बसायचं नाही, ह्याला सातवीच्या कुठल्याही पोरानेसुद्धा पूर्ण गुण दिले असते. मी दिले नाहीत, कारण दिले असते तर वाद संपला असता आणि तू वर गेला असतास. तरी गेलासच.

आता त्या दोन दिवसांकडे येते. आजवर हे कुणाला सांगितलं नाही.

तू शेवटच्या रजेवर खाली आलास, तेव्हा मी ठरवून बसले होते. अधिकारी नाही तर नाही, निदान बाहेरून बी.ए. कर. फौजेत शिकवणाऱ्या हवालदाराची जागा असते, पदवी लागते, मी सगळी माहिती काढून ठेवली होती. तू म्हणालास, "दे फॉर्म, सही करतो, पण माझं डोकं खाऊ नकोस." फॉर्म घेऊन आपण शुक्रवारी युनिव्हर्सिटीत गेलो. तुझी सही समोर लागणार होती आणि मूळ गुणपत्रिका दाखवायची होती. खिडकीतल्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बेन, हवे सोमवारे आवजो." तुझं तिकीट शनिवारचं होतं.

तू म्हणालास, "राहू दे, पुढच्या रजेत."

मी म्हणाले, "दोन दिवसांनी काय आकाश कोसळतंय?"

हेच वाक्य. शब्दन् शब्द. तू जाऊन तिकीट बदलून आणलंस. शनिवार-रविवार राहिलास. मायने खापरावरची पुरणपोळी केली. तू सात खाल्ल्यास. सोमवारी फॉर्म भरला आणि संध्याकाळच्या गाडीने गेलास. मी किती खूश होते! स्टेशनवरून परत येताना मायला म्हटलं, "शेवटी ऐकलं माझं."

काल तुझे सुभेदार आले होते, तुझी ट्रंक घेऊन. साताऱ्याकडचे आहेत, तुला ओळख करून द्यायला नको. गंधमुक्तीचं जेवण झाल्यावर ते ओट्यावर माझ्याजवळ बसले आणि सरळ बोलले. म्हणाले, "ताई, वर जाताना टप्प्याटप्प्यावर थांबायचे दिवस ठरलेले असतात. पहिल्याच टप्प्यावर सहा. जुना असो, नवा असो, रजेवरून खालून आला की पहिल्यापासून मोजायचे. भिकन दोन दिवस उशिरा आला. कंपनी पुढे सरकायची तारीख ठरलेली. तो चारच दिवस थांबला. विचारलं तेव्हा म्हणाला, मी आत्ताच तर वरून आलोय, मला काय होतंय. जुना माणूस, सगळ्यांनी मानलं."

वर पोचल्यावर दुसऱ्या दिवशी खोकला. लपवलास. दोन वर्षांत दोन पोरांना हाच आजार तू नुसत्या श्वासावरून ओळखला होतास आणि वेळेवर खाली पाठवलं होतंस, हे सुभेदारांनीच सांगितलं. स्वतःचा ओळखला नसशील असं मी मानत नाही. ओळखलास आणि लपवलास. 'ताप आला की लपवू नका' हे भिंतीवर चिकटवणारा तू! फुप्फुसात पाणी भरलं. वारा इतका होता की हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही.

तर मूर्खा, हे झालं तुझ्या अनुभवाचं. पुस्तकात सहा लिहिलेलं होतं. आणि ते सहाचे चार कुणामुळे झाले? पुस्तकवालीमुळे. कोण जिंकलं, सांग आता. मला कळत नाही. पहिल्यांदा मला कळत नाही, आणि विचारायला तू नाहीस.

सुभेदारांना तुझ्या ट्रंकेत दोन गोष्टी सापडल्या होत्या. माझी लाल शाईची पत्रं, सुतळीने बांधलेली. आणि प्लेगचं आपलं पत्रक, चार घड्या घातलेलं. एक प्रत तू नेली होतीस, मला माहीतच नव्हतं. त्यांनी ते पत्रक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "ताई, असंच एक लिहून द्या. थांबायच्या दिवसांबद्दल. हुकूम फळ्यावर लावलेला असतो, पण आमची जुनी पोरं तो नव्यांसाठी आहे असं समजतात. भिकनच्या नावाने लिहा. त्याचं नाव असलं की ऐकतील. रविवारी मी ह्याच वाटेने परत जातोय, सुरतला गाडी थांबते, तेव्हा घेतो."

हा तो कोरा कागद. त्यावर तुझी चूक लिहायची, तुझ्या नावानिशी.

मायला सांगितलं. ती ताडकन उठून बसली. "मरेल मानुसनी चूक गावले कसाले सांगस? मना पोऱ्या वाघ व्हता!" मी म्हटलं, माय, त्याची चूक गावाला का सांगायची, तर तो वाघच होता, म्हणूनच त्याचं ऐकतील. तिने तोंड फिरवलं. त्यानंतर दोन दिवस मी हे पत्र बाजूला ठेवून त्या कागदाशीच बसले.

तुझं शेवटचं पत्र तू गेल्यानंतर पाच दिवसांनी आलं. पहिल्या टप्प्यावरून लिहिलेलं, दीड पान. "आक्का, डोकं थोडं ठणकतंय, पण घाबरू नकोस. मी इथला जुना भिडू आहे. उंची मला ओळखते." सगळे म्हणतात फ्रेम करून लाव. मी नाही लावणार. मी लाल पेन घेतलं. त्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'चूक. उंची कुणालाच ओळखत नाही.' तू मेलास म्हणून मी तुला फुकट गुण देईन असं वाटलं होतं का तुला? तुझ्याशी मी तसं कधी वागले नाही आणि आता वागणार नाही. मग टेबलावर डोकं ठेवून मी खूप रडले. हेही तुला कळू दे.

तेच वाक्य मी कागदावर पहिलं घेतलं. पुढचं लिहिताना प्रत्येक वेळी तुझा आवाज ऐकला, 'लांबतंय, तोड.' तोडलं. मायला वाचून दाखवलं. भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "पोरेस्ले नीट समजी असं लिख." मी पोरांना समजेल असा एक शब्द बदलला.

आज रविवार. आत्ताच स्टेशनवरून आले.

गाडी चार-पाच मिनिटं थांबली. सुभेदार दारात उभे होते. त्यांनी कागद तिथेच उघडून वाचला, ओठ हलवत. 'उंची कुणालाच ओळखत नाही. हवालदार भिकन तिसऱ्यांदा वर जात होता. त्याने दोन पोरांचा जीव वाचवला होता. तो सहाऐवजी चार दिवस थांबला आणि खोकला लपवला. तुम्ही त्याच्यापेक्षा जुने नाही. सहा म्हणजे सहा. खोकला आला की सांगा. तारीख चुकली तर चुकू द्या.' ते शेवटच्या ओळींपाशी आले आणि थबकले. त्या अशा होत्या, 'त्याचे दोन दिवस त्याच्या बहिणीने घेतले. दोन दिवसांनी काय आकाश कोसळतंय, असं ती म्हणाली होती. तुमच्या घरी कुणी असं म्हणालं, तर त्यांना हा कागद दाखवा.' खाली माझं नाव आणि डिंडोली.

"ताई," ते हळूच म्हणाले, "हे शेवटचं नको. तुमचा काय दोष? हे मी खोडतो."

मी म्हटलं, "साहेब, ते खोडलंत तर भिकनचं नावही खोडा. दोघांची चूक आहे, दोघांचं नाव राहील. आम्ही पत्रक नेहमी दोघं मिळून लिहितो."

त्यांनी कागदाच्या घड्या घातल्या आणि वरच्या खिशात ठेवला. गाडी हलली.

वाद मिटलेला नाही, भिकन. फक्त आता तुझी बाजूही मलाच मांडावी लागणार आहे. उद्या सातवीला हिमालय आहे.